सोमवारचा रिपोर्ट कुठे जातो?

या वेळचं पत्र एका विद्यार्थिनीचं आहे. लांब होतं, म्हणून थोडं आटोपतं घेतलं आहे. शब्द तिचेच.

"ताई, आमच्या कोर्समध्ये तिसऱ्या वर्षानंतर पूर्ण एक वर्ष कंपनीत काम करायचा पर्याय असतो. ते करून परत यायचं आणि शेवटचं वर्ष पूर्ण करायचं. मला एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात जागा मिळाली. निवड झाली तेव्हा घरात कोण आनंद झाला होता. आता पाचवा महिना चालू आहे. पहिले तीन आठवडे ट्रेनिंग, लॅपटॉप आणि ओळखीपाळखीत गेले. ज्यांनी माझी निवड केली त्या मॅडम दुसऱ्याच महिन्यात वेगळ्या विभागात गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या सरांना मी नक्की कशासाठी आहे हेच माहीत नसावं. दर सोमवारी मी पुरवठादारांच्या थकलेल्या बिलांचा रिपोर्ट करते. सिस्टिममधून डेटा काढायचा, एक्सेलमध्ये टाकायचा, रंग द्यायचे, मेल करायचा. साडेतीन तासांचं काम. उरलेला आठवडा मीटिंगमध्ये मागे बसून राहायचं, नाहीतर कामात असल्यासारखं दाखवायचं. माझी मैत्रीण एका स्टार्टअपमध्ये आहे, ती थेट क्लायंटशी बोलते. ज्यांनी हा पर्याय घेतला नाही ते शेवटच्या वर्षाला पोचलेसुद्धा. मी वर्ष वाया घालवते आहे का? सोडून परत जाऊ का? सरांना काय सांगू? आणि शेवटी कॉलेजला जो प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायचा आहे त्यात लिहू काय?

ता. क. – मला तिथे अजून कुणी नावाने हाक मारत नाही. 'ते इंटर्नला दे' म्हणतात."

अगं मुली,

एवढ्या मोठ्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली आहे. सोमवारी दुपारी तू तो मेल पाठवतेस. पुढे त्या रिपोर्टचं काय होतं? तो कोण उघडतं, कुठला रकाना बघतं, बघून काय करतं? याबद्दल पत्रात एक ओळ नाही. मला वाटतं तुला ते माहीत नाही, आणि पाच महिन्यांत ऑफिसातल्या कुणाला तुला ते सांगावंसंही वाटलं नाही. तुझ्या निम्म्याहून अधिक दुखण्याचं मूळ तिथे आहे. म्हणून सोडू का, सरांशी काय बोलू, याकडे नंतर येते. आधी तो रिपोर्ट.

मी बरीच वर्षं खरेदी आणि हिशेब या दोन विभागांच्या मधे काढली आहेत. त्यामुळे थकलेल्या बिलांचा रिपोर्ट म्हटलं की तो तक्ता डोळ्यांपुढे उभाच राहतो. डावीकडे पुरवठादाराचं नाव, मग बिल नंबर, तारीख, रक्कम. उजवीकडे बिल किती दिवस थकलंय त्याचे रकाने, ३० पर्यंत, ३१ ते ६०, ६१ ते ९०, आणि शेवटी ९० च्या वरचा. शेवटच्याला लाल रंग. तू जे रंग देतेस ते असेच काहीतरी असणार.

त्या लाल रकान्यातलं कुठलंही एक बिल घे. ते का अडकलं? बहुतेक मोठ्या कंपन्यांत पैसे सुटायच्या आधी तीन कागदांचा मेळ बसावा लागतो. आपण दिलेली पर्चेस ऑर्डर, गोदामात माल उतरल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल. समज, ऑर्डर ५०० नगांची, बिल ५०० नगांचं, पण गोदामाची नोंद ४८० ची. झालं, बिल अडकलं. वीस नग खरंच कमी आले, मोजणाऱ्याची चूक झाली, की दुसऱ्या खेपेत आले आणि नोंद करायची राहून गेली? कुणीतरी फोन उचलून हे विचारेपर्यंत बऱ्याचदा सगळ्या ५०० नगांचे पैसे अडकून पडतात. गोदामवाले म्हणतात हे खरेदीने बघायचं. खरेदीवाले म्हणतात हिशेब विभाग विचारेल. हिशेबवाले म्हणतात नोंद दुरुस्त होऊन आल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. तिघंही आपापल्या जागी चूक नसतात, आणि बिल मात्र तिसाचं साठावर आणि साठाचं नव्वदावर सरकत राहतं.

आता त्या बिलाच्या दुसऱ्या टोकाला बघ. तिथे मोठी कंपनी असेल तर तिचा वसुलीवाला माणूस रोज फोन करून जीव खाईल आणि पैसे घेऊन जाईल. पण दहा-बारा कामगारांचं छोटं वर्कशॉप असेल, ज्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे तुमचीच कंपनी, तर तो मालक फार आवाजही करू शकत नाही. गिऱ्हाईक तुटायची धास्ती असते. तो अदबीने मेल पाठवतो, आठवण करून देतो आणि पगाराच्या तारखेला कुठूनतरी उसने उचलतो. मग सहा महिन्यांनी तुमच्या कंपनीला घाईने काही हवं असतं तेव्हा तो दुसऱ्याचं काम आधी घेतो. वर कुणालातरी प्रश्न पडतो की हा पुरवठादार हल्ली उशीर का करतो. त्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या सोमवारच्या रिपोर्टमध्ये लाल रंगात केव्हापासून पडलेलं असतं.

मी पहिल्यांदा अशा एका पुरवठादाराला फोन केला तेव्हा काहीतरी तक्रार ऐकावी लागेल अशा तयारीत होते. त्यांनी फक्त "एक मिनिट हं" म्हटलं. पलीकडे फाइलची पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. मग त्यांनी चलनाचा, म्हणजे मालासोबत पाठवलेल्या पावतीचा, नंबर वाचून दाखवला, तारीख सांगितली, सही कुणाची आहे तेही सांगितलं. राहिलेले नग दुसऱ्या दिवशी पोचले होते. चलन आमच्याच गोदामातल्या ट्रेमध्ये पडून होतं. मी उठून दोन जिने उतरले आणि ते हातात घेऊन वर आले. ऐंशी दिवस अडकलेलं बिल त्या आठवड्यात सुटलं. हे काम कुणी मला दिलेलं नव्हतं.

तुझ्यावर मी काही लादत नाही. तू लगेच पुरवठादारांना फोन लावावेस असंही म्हणत नाही, तो अधिकार तुला आहे का हे आधी विचारावं लागेल. पण या सोमवारी मेल पाठवून झाला की ज्यांना तो जातो त्यांच्यातल्या एकाकडे जा. शक्यतो हिशेब विभागातल्या. आणि सरळ विचार, "हा रिपोर्ट मी करते. तुम्ही यातलं काय वापरता, ते मला दाखवाल का?" माणसं सहसा दाखवतात. स्वतःचं काम कुणाला समजून घ्यावंसं वाटतं आहे, हे ऑफिसात फार कमी वेळा घडतं. कदाचित कळेल की ते फक्त शेवटचा रकाना बघतात आणि तुझे रंग कुणालाच नको आहेत. कदाचित कळेल की तो मेल कुणी उघडतच नाही. तेही कळू दे. तसं असेल तर दर सोमवारचे साडेतीन तास कुठे जाताहेत, हा तुझ्या नव्या सरांशी बोलायचा पहिला मुद्दा झाला.

दुसरं म्हणजे, तुझ्याकडे आता जवळजवळ पंधरा सोमवारांच्या फाइली असतील. त्या एकमेकींशेजारी ठेवून कुणी पाहिल्या असतील असं मला वाटत नाही. प्रत्येक जण त्या त्या आठवड्याची बघतो आणि बंद करतो. तू पाहा. तीच तीच बिलं दर आठवड्याला दिसतात का? अडकायचं कारण पुन्हा पुन्हा तेच आहे का? एकाच गोदामाची बिलं जास्त का? रकमेतला फरक अडवतो आहे की नगांतला? भाव बदलला आणि ऑर्डर जुन्याच भावाची राहिली, असं किती वेळा झालंय? प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये काय लिहू विचारतेस ना, हा घे तुझा विषय. पंधरा आठवड्यांचा डेटा, अडकण्याची कारणं, त्यांतलं एखादं दूर करायचा प्रयत्न, आणि त्याने काय फरक पडला किंवा पडला नाही. नाही पडला तरी लिही. शिक्षकांना तसा प्रामाणिक रिपोर्ट क्वचितच वाचायला मिळतो. फक्त एक पथ्य पाळ. कंपनीचा डेटा स्वतःच्या मेलवर किंवा पेन ड्राइव्हवर कधीही न्यायचा नाही. पुरवठादारांची नावं, रकमा बदलायच्या आणि मजकूर बाहेर द्यायच्या आधी लेखी परवानगी घ्यायची. हौसेने काम करणारी मुलं नेमकी इथे अडचणीत येतात.

साडेतीन तास कमीही करता येतील. तीच तीच खटपट एक्सेलकडून करून घेता येते, आणि ते शिकायला तुझ्याकडे आठवडाभर वेळ आहे. पण चार आठवडे तरी दोन्ही पद्धतींनी कर, हाताने आणि नव्या रीतीने, आणि दोन्हींचा मेळ घाल. हे का सांगते त्यालाही कारण आहे.

मीही एक वर्ष ट्रेनी होते. मलाही एका मोठ्या ऑफिसात बसवलं होतं, आणि माझ्याकडे पुरवठादारांच्या देण्यांची यादी होती. तेव्हा यादी वाचायला सोपी जावी म्हणून नावं आणि रकमा यांच्या मधे मी एक रिकामा रकाना सोडला होता. दिसायला छान दिसायचं. एका संध्याकाळी घाईत नावं अकारविल्हे लावली. मधल्या रिकाम्या रकान्यामुळे नावं तेवढी हलली आणि रकमा जागच्या जागी राहिल्या. मी खाली बेरीज पाहिली, ती आदल्या दिवसाएवढीच होती. निश्चिंत होऊन मेल पाठवला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी हिशेब विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला बोलावलं. पेन आणि कागद पुरवणाऱ्या माणसाच्या नावापुढे क्रेन दुरुस्तीची रक्कम होती. त्यांनी ते बोट ठेवून दाखवलं आणि विचारलं, "याने एवढी पेनं दिली असतील का?" माझे कान तापले होते ते आजही आठवतं. बेरीज बरोबर होती आणि यादीतली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची होती. क्रम हलला तरी बेरीज तीच राहते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण हातून घडेपर्यंत ते अंगात उतरलं नव्हतं.

त्या बाईंनी मला रागावण्यात वेळ घालवला नाही. मेल कुणाकुणाला गेला ते विचारलं, त्या सगळ्यांना दुरुस्त यादी पाठवायला लावली, आणि चूक काय होती ते पहिल्या ओळीत लिहायला सांगितलं. गोलमोल शब्द खोडले. मग एक सवय लावली. यादी पाठवायच्या आधी कुठल्याही पाच ओळी डोळे मिटून निवडायच्या आणि मूळ कागदाशी ताडून बघायच्या. मी अजूनही करते. तुझ्या हातून या वर्षात अशी एक तरी चूक होईल. झाली की त्याच दिवशी सांग. काय चुकलं, ते कुठवर पोचलं आणि तू आत्तापर्यंत काय केलंस, एवढं बोललीस तर पुरे. लपवलेली चूक दुसऱ्या कुणाला सापडते तेव्हा माणसं चुकीपेक्षा लपवण्याचा विचार जास्त करतात.

आता हलक्या कामाबद्दल. तुला वाटतं की खरं काम दुसरीकडे चाललंय आणि तुझ्या वाट्याला उष्टं-खरकटं आलंय. याबद्दल मला एक अभ्यास फार मोलाचा वाटतो. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर या दोघा अभ्यासकांनी १९९१ साली, माणसं काम करता करता कशी शिकतात याची मांडणी केली. त्यांच्या उदाहरणांत पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियातले वाय आणि गोला समाजातले शिंपी आहेत. तिथला शिकाऊ मुलगा कापड कापण्यापासून सुरुवात करत नाही. आधी त्याच्याकडे शेवटची कामं येतात, बटणं लावणं, इस्त्री करणं. मग शिवण, आणि कापणं सगळ्यात शेवटी. वरून पाहिलं तर ही हमालीच. पण बटण लावताना आणि इस्त्री फिरवताना पुरा झालेला कपडा त्याच्या हातात असतो. कुठला भाग कुठे जोडला जातो हे त्याला कात्री मिळायच्या आधीच दिसलेलं असतं. शिवाय बटण चुकलं तर उसवता येतं, कापड चुकीचं कापलं तर ते गेलंच.

त्याच मांडणीत दुसरं उदाहरण आहे, अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधल्या मांस कापणाऱ्या कारागिरांचं. तिथली काही शिकाऊ मुलं पॅकिंगच्या मशीनवर उभी असायची, आणि ते मशीन अशा ठिकाणी होतं की कापणाऱ्या कारागिरांचं टेबल तिथून दिसायचंच नाही. दिवसभर राबूनही त्यांना कसब बघायला मिळत नव्हतं. म्हणजे दोन्हीकडे काम हलकंच. फरक एवढाच की एका जागेवरून पुढचं काम दिसतं आणि दुसऱ्या जागेवरून दिसत नाही.

तुझी जागा यांतली कुठली, हे मला तुझ्या पत्रावरून पक्कं सांगता येत नाही. पण माझा कौल बटणांकडे आहे. थकलेल्या बिलांची यादी म्हणजे खरेदीच्या सगळ्या प्रवासाचा शेवटचा टप्पा. ऑर्डर, गोदाम, भाव, वाद, सगळ्याच्या खुणा त्यात उतरतात. जागा चांगली आहे, फक्त तुला पाठ करून बसवलंय. तोंड वळवायचं काम तुलाच करावं लागेल, आणि तू सगळ्यात नवी असताना ते तुझ्यावर यावं हे मला अन्यायाचं वाटतं. ट्रेनी घेणाऱ्या कंपनीने हे पहिल्या महिन्यात करायला हवं होतं. मॅडमनी जाताना नव्या सरांना दोन ओळी लिहून द्यायला हव्या होत्या. तुझं काही चुकलेलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण रिकामं बसलेलं माणूस हळूहळू आपणच नालायक असल्याची समजूत करून घेतं.

कामात असल्यासारखं दाखवणं हे कामापेक्षा जास्त थकवतं. मी ते केलंय. मागून कुणी जाताना दिसलं की एकच फाइल खाली-वर सरकवत राहायची. संध्याकाळी घरी गेल्यावर काय केलंस विचारलं की रडू यायचं.

सरांकडे जाशील तेव्हा "मला काम द्या" म्हणू नकोस. ऐकायला रास्त आहे, पण काम देणं हेही एक काम असतं. ते शोधायचं, तुझ्याजोगं कापायचं, समजवायचं, तपासायचं. आधीच गळ्यापर्यंत बुडालेला माणूस "हो हो, बघू" म्हणतो आणि विसरतो. त्याऐवजी तयार काहीतरी घेऊन जा. "सर, या यादीतली सहा बिलं आठ आठवडे जागची हललेली नाहीत. ती का अडकली ते शोधून शुक्रवारी तुम्हाला एका पानात देऊ का?" यावर त्यांना फक्त हो म्हणायचं आहे. शुक्रवारी पान दे. एकच पान. आणि ते देताना पुढचं विचार, "दर शुक्रवारी तुमची पंधरा मिनिटं मिळतील का?" दोनदा ती मीटिंग रद्द होईल. रुसू नकोस, तिसऱ्यांदा जा. आधीच्या मॅडमनाही जाऊन भेट. विभाग बदलला म्हणून माणूस परका होत नाही. त्यांनी तुला निवडलं तेव्हा तुझ्यासाठी काही काम डोक्यात धरलं असेल. ते काय होतं, एवढं विचारलंस तरी नव्या सरांपुढे ठेवायला तुला काहीतरी मिळेल.

मीटिंगमध्ये मागे बसतेस ना, तिथे मिनिट्स, म्हणजे मीटिंगमध्ये काय ठरलं त्याची नोंद, लिहायचं काम मागून घे. कुणालाच ते नको असतं. पण लिहिणाऱ्याला एक हक्क आपोआप मिळतो. तो मधेच थांबवून विचारू शकतो, "म्हणजे हे कुणी करायचं आणि कधीपर्यंत?" एरवी इंटर्नने तोंड उघडलं तर सगळे वळून बघतात, मिनिट्स लिहिणारीने विचारलं तर लोक उत्तर देतात. आणि न कळलेले शब्द वहीच्या मागच्या पानावर टिपत जा. पहिल्या आठवड्यात पान भरेल. महिन्याभरात नवे शब्द कमी येऊ लागतील. आपण शिकतो आहोत हे स्वतःला पटवायला मला तरी याहून चांगली मोजपट्टी सापडली नाही.

मैत्रिणीच्या स्टार्टअपबद्दल मी थोडक्यातच बोलते. ती क्लायंटशी बोलते हे खरं असेल. पण तिचं काम तपासायला वर कुणी आहे का, हेही कधी तिला विचारून बघ.

वर्ष वाया जातंय का, हा प्रश्न मात्र हलका नाही. ब्रिटनमध्ये अशा अभ्यासक्रमांना सँडविच कोर्स म्हणतात, कारण कामाचा काळ शिक्षणाच्या दोन थरांच्या मधे येतो. अमेरिकेत १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी २७ विद्यार्थ्यांना घेऊन असाच एक प्रयोग सुरू केला. त्यांची रीत अशी की मुलांनी एक आठवडा वर्गात बसायचं आणि एक आठवडा कारखान्यात काम करायचं, आळीपाळीने. मला त्यातलं ते सतत ये-जा करणं महत्त्वाचं वाटतं. कारखान्यात पडलेला प्रश्न पुढच्याच आठवड्यात वर्गात न्यायचा, वर्गात ऐकलेलं पुढच्या आठवड्यात यंत्रावर बघायचं. तुझं वर्ष सलग आहे, त्यामुळे ही ये-जा कुणी तुझ्यासाठी ठरवून दिलेली नाही. ती तू कर. शनिवारी तासभर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची पुस्तकं काढ आणि त्या आठवड्यात पाहिलेली एक गोष्ट त्यात शोध. खेळतं भांडवल हा धडा तू परीक्षेला लिहिला असशील. पुरवठादाराचे पैसे उशिरा दिले की कंपनीकडे रोकड टिकते, असं त्यात शिकवतात. बरोबरच आहे. पण तो अडकलेला छोटा पुरवठादार त्या सूत्रात कुठे दिसतो, हे आता तू वर्गात विचारू शकशील. जे पुढे गेले असं तुला वाटतं त्यांच्याकडे हा प्रश्न नाही.

आता सोडण्याबद्दल. माझं मत विचारशील तर आत्ता सोडू नकोस, सहा आठवडे दे. पण ते सहा आठवडे वाट बघत घालवायचे नाहीत. वर लिहिलेलं सगळं करून बघायचं आणि केलेलं तारीखवार लिहून ठेवायचं. सहा आठवड्यांनी एकाही माणसाने तुला काही दाखवलं नाही, सरांनी एकही शुक्रवार दिला नाही, तुला कुठेही सरकू दिलं नाही, तर ती पॅकिंग मशीनची जागा आहे असं समज. मग ती वही घेऊन कॉलेजच्या समन्वयकांकडे जा. विभाग बदलून मागता येतो, क्वचित कंपनीही बदलून मिळते. परत जायची वेळ आलीच तर आधी नियम वाच. किती महिने पूर्ण झाले म्हणजे क्रेडिट मिळतं, मधे सोडलं तर काय होतं, हे कुणाच्या तोंडी भरवशावर ठरवू नकोस. विचार करून सोडलंस तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

ही मुदत एका बाबतीत लागू नाही. कुणी अपमान करत असेल, नको तसं वागत असेल, खोटे आकडे भरायला किंवा न पाहिलेल्या कागदावर सही करायला सांगत असेल, तर एक दिवसही थांबू नकोस. त्याच दिवशी कॉलेजला आणि एचआरला लेखी कळव, आणि घरी सांग.

राहिला तुझा ता. क. खरं सांगायचं तर पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य तेच. यात त्या माणसांचा दुष्टपणा नसेल. इंटर्न दरवर्षी बदलतात, नाव लक्षात ठेवायचे कष्ट कोण घेणार, असं होऊन जातं. त्यांना शिकवायला जाऊ नकोस. उद्या कुणी "ते इंटर्नला दे" म्हणालं तर कागद हातात घे आणि स्वतःचं नाव सांगून म्हण, "माझ्याकडे द्या." आणि सोमवारच्या त्या शीटमध्ये, सगळ्यात वर, तारखेच्या खाली एक ओळ वाढव, "तयार करणारी", आणि पुढे तुझं पूर्ण नाव. पाच ओळी ताडून झाल्यावरच ती ओळ भर. कुणाला एखादा आकडा खटकला, तर विचारायला त्याला नावानेच तुझ्यापर्यंत यावं लागेल.